पडद्यावरचीं पानें

(नभोवाणीवरील भाषण)



पत्त्यांच्या खेळाविषयीं एका निवृत्त शाळामास्तरानें नभोवाणीवर बोलावें, हें ऐकून कांहीं घरांतील वडील मंडळींच्या कपाळाला आठी पडेल, याची मला कल्पना आहे. ज्यानें वर्गांत ‘पत्ते कुटत बसूं नका’ म्हणून मुलांना बजावलें, तोच आतां पत्त्यांची थोरवी गाणार कीं काय, असा प्रश्न कोणी विचारील. म्हणून प्रथमच सांगतों कीं, पत्ते खेळावे कीं खेळूं नयेत हा आजचा विषय नाहीं. पत्त्यांचा जो कॅट पूर्वीं हातांत असे, तो आतां मोबाइल फोनच्या कांचेवर आला आहे. तेथें तो खेळणाऱ्याला नीट दिसतो कीं नाहीं, बोट लावतांच पान हलतें कीं नाहीं, आणि उतारवयाच्या, मंद नजरेच्या किंवा स्वस्तांतला फोन बाळगणाऱ्या माणसाला तो खेळ सुखानें खेळतां येतो कीं नाहीं, एवढेंच मला आज पाहावयाचें आहे. विषय दिसावयास लहान आहे. पण बँकेच्या खात्यापासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत आपले पुष्कळसे व्यवहार त्याच कांचेवर येऊन बसले असल्यामुळें, पत्त्याच्या पानाला जो नियम लागू, तोच त्यांनाहि लागू पडतो.

प्रथम थोडें मागें जाऊं. पत्त्याचें पान हें देखील एक साधनच आहे. खेळणाऱ्याच्या मनांतील डाव आणि बैठकीवरील डाव यांच्यामधला तो दुवा होय. दुवा सुटसुटीत असला, म्हणजे मन खेळांत रमतें. तो अवघड असला, म्हणजे अर्धी बुद्धि पान ओळखण्यांतच खर्च होते. याचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत सावंतवाडीला पाहावयास मिळतें. तेथील गंजिफेचीं पानें वाटोळीं, हातानें रंगविलेलीं व लाखेचा हात दिलेलीं असतात. हा खेळ मोगलांच्या काळीं आपल्या देशांत रूढ झाला. बाबरानें १५२७ मध्यें सिंधच्या शहा हसनकडे गंजिफेचा संच पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रांत आहे. आणि अबुल फजलनें ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथांत बारा रंगांच्या, १४४ पानांच्या खेळाचें वर्णन केलें आहे. पुढें आपल्या लोकांनीं त्याला दशावतारांचें रूप दिलें. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग. प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंत पानें. म्हणजे एकंदर १२० पानें झालीं.

या पानांचें सौंदर्य वादातीत आहे. सावंतवाडीच्या राजघराण्यांतील शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही कला पुन्हां उभी केली, याबद्दल महाराष्ट्रानें त्यांचें ऋणी राहिलें पाहिजे. तथापि सौंदर्य एक आणि सोय दुसरी. प्रत्येक रंगाच्या पानांची जमीन निराळ्या वर्णाची असते, ही मोठी सोय होय. कारण त्यामुळें पान कोणत्या अवताराचें, हें एका दृष्टिक्षेपांत कळतें. परंतु पान वाटोळें, त्याला कोपरा नाहीं. आणि जुन्या पानांवर आंकडाहि लिहिलेला नसे. हें पान सत्तीचें कीं अठ्ठीचें, हें चिन्हें मोजून ठरवावयाचें. शिवाय पांच रंगांत राजा-प्रधानांच्या खालोखाल दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्या पांचांत एक्का श्रेष्ठ. दिवसा खेळ रामाच्या राजानें सुरू व्हावयाचा आणि रात्रीं कृष्णाच्या. बुद्धीला व्यायाम म्हणून हें सर्व उत्तमच आहे. पण नव्या माणसाला तें दाराशींच अडवितें. गंजिफा मागें पडण्याचीं कारणें अनेक आहेत, व छापील बावन पानांची स्वस्ताई हें त्यांतील एक आहे. परंतु हातांत धरण्याची आणि ओळखण्याची सोय हेंहि एक कारण असावें, असें मला वाटतें.

आतां बावन पानांचा कॅट घ्या. तोहि आज आपण पाहतों तसा एका दिवसांत घडलेला नाहीं. पूर्वीं राजा, राणी व गुलाम यांचीं चित्रें पानावर आपादमस्तक उभीं असत. पान उलटें आलें, तर खेळणारा तें सहज फिरवून सुलटें करी. आणि शेजारचा चतुर गडी तेवढ्यावरून ओळखी कीं, याच्या हातांत चित्राचें पान आलें. यावर उपाय म्हणून दोन्ही टोकांना डोकें असलेलें चित्र निघालें. फ्रान्समधील एका कारागिरानें १७४५ च्या सुमारास तें काढलें व तेथील सरकारनें त्यास मनाई केली, असें सांगतात. इंग्लंडांत १७९९ मध्यें त्याचें पेटंट घेतलें गेलें. दुसरी सुधारणा कोपऱ्यांतील खुणेची. पानाच्या कोपऱ्यांत आंकडा व चिन्ह लहान आकारांत छापलें, म्हणजे तेरा पानें एका हातांत पंख्यासारखीं दाबून धरलीं तरी प्रत्येकाची ओळख पटते. अमेरिकेंत १८६४ मध्यें सॅम्युएल हार्ट या कारखानदारानें अशीं पानें छापलीं, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत ती पद्धत सर्वत्र पसरली.

या खुणेच्या पायीं एका शब्दाचाहि बळी गेला. इंग्रजींत राजाला किंग आणि गुलामाला नेव्ह म्हणत. स्पेलिंगांत दोन्ही शब्द ‘के’ या अक्षरानेंच सुरू होतात. म्हणून राजाला ‘के’ व गुलामाला ‘के-एन’ अशी खूण घातली असतां, दुसरें अक्षर बोटाखालीं झांकलें गेलें कीं गुलामाचा राजा होई! तेव्हां गुलामाचें जॅक हें दुसरें, जरा गांवठी समजलें जाणारें नांव पुढें आलें व ‘जे’ ही खूण कायम झाली. खेळाचा एकहि नियम न बदलतां, केवळ एक अक्षर बदलल्यानें खेळ सोपा झाला. या तिन्ही सुधारणा कोणा पंडितानें ग्रंथ वाचून केलेल्या नाहींत. खेळणाऱ्याच्या हाताकडे आणि डोळ्यांकडे कोणीतरी लक्ष देऊन पाहिलें, त्याचें तें फळ होय.

नंतर पत्ते संगणकावर आले. मायक्रोसॉफ्ट या कंपनीनें १९९० मध्यें ‘विंडोज ३.०’ ही प्रणाली बाजारांत आणली. तिच्यांत सॉलिटेअर नांवाचा एकट्यानें खेळावयाचा पत्त्यांचा डाव होता. तो वेस चेरी या तरुणानें कंपनींत उमेदवारी करीत असतांना लिहिला, व पानांचीं चित्रें सुझन केअर या चित्रकर्तीनें काढलीं. त्या काळीं माऊस हें उपकरण बहुतेकांना नवें होतें. वस्तु पकडून ओढत नेणें आणि योग्य जागीं सोडणें, ही क्रिया लोकांच्या हातवळणीं पडावी, हा त्या खेळाचा एक उपयोग झाला. कचेरींतील कारकुनांनीं बदामची सत्ती इस्पिकच्या अठ्ठीवर नेऊन ठेवतां ठेवतां नकळत संगणकाचा पहिला धडा गिरविला. शिक्षणाच्या दृष्टीनें ही युक्ति मला फार आवडते. ज्याला शिकवावयाचें, त्याला भय वाटूं न देतां शिकविणें, ही आमच्या धंद्यांतील सर्वांत अवघड गोष्ट आहे.

आतां आपल्या घरांत येऊं. महाराष्ट्रांत मेंढीकोट पुष्कळांना ठाऊक आहे. चार गडी, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, प्रत्येकाला १३ पानें. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या पक्षाच्या हातीं अधिक मेंढ्या लागतील, त्याचा डाव. हाच खेळ फोनवरहि खेळतां येतो. आमच्या ओळखीच्या एका घरांतील आजी अकोल्यास असतात व नातवंडें पुण्यास असतात. रविवारीं दुपारीं तीं सर्व फोनवर मेंढीकोट खेळूं लागलीं. पहिल्या दोन-तीन रविवारीं आनंद झाला; पुढें आजींनीं फोन बाजूला ठेवला. कारण विचारलें तेव्हां म्हणाल्या, “माह्या बोटाले आता वळण नाही राह्यलं, बाप्पा.” झालें होतें असें कीं, त्यांना किलवरची नव्वी टाकावयाची होती आणि बोटाखालून किलवरची दश्शी गेली. आयती मेंढी प्रतिपक्षाच्या घरांत! भिडू असलेला नातू कांहीं बोलला नाहीं. पण आजींना तें लागलें. त्यांनीं दोष आपल्या बोटाला दिला. दोष खरोखर कोणाचा, हें आपण गणितानेंच पाहूं.

साधा फोन उभा धरला असतां त्याच्या पडद्याची रुंदी सुमारें ७ सेंटिमीटर, म्हणजे ७० मिलिमीटर असते. तेवढ्यांत १३ पानें एका ओळींत मांडलीं, तर प्रत्येक पानाची उघडी पट्टी ७० भागिले १३, म्हणजे साधारण साडेपांच मिलिमीटर राहते. बोटानें स्पर्श करावयाची जागा निदान ९ मिलिमीटरच्या आसपास असावी, असें फोनच्या प्रणाली बनविणारे स्वतःच सांगतात. तेव्हां नव्वीऐवजीं दश्शी जाणें हा बोटाचा दोष नसून भागाकाराचा दोष आहे. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५४ मध्येंच प्रयोगांनीं दाखवून दिलें कीं, लक्ष्य जितकें लहान आणि दूर, तितका तेथें हात नेमका नेण्यास वेळ अधिक लागतो. आणि घाई केली, तर नेम चुकतो. उपायहि भागाकारांतच आहे. तीच पानें सात व सहा अशा दोन ओळींत मांडलीं, तर प्रत्येकास १० मिलिमीटर मिळतात. फोन आडवा धरला, तर पडद्याची रुंदी १५ सेंटिमीटरच्या घरांत जाते व एका ओळींतहि प्रत्येक पानास सुमारें साडेअकरा मिलिमीटर येतात. याला नवी यंत्रें लागत नाहींत कीं मोठा खर्च लागत नाहीं. मांडणी करणाऱ्यानें एकदां पट्टी घेऊन मोजलें, म्हणजे पुरे.

दुसरी तक्रार असते ती मंदपणाची. पान दाबलें तरी हलत नाहीं. म्हणून माणूस पुन्हां दाबतो. आणि तेवढ्यांत दोन्ही स्पर्श एकदम पोहोंचून भलतेंच पान पडतें. रॉबर्ट मिलर यांनीं १९६८ मध्यें, आणि पुढें जेकब नील्सन यांनीं १९९३ मध्यें, या बाबतींत जीं प्रमाणें मांडलीं तीं लक्षांत ठेवण्यासारखीं आहेत. यंत्रानें सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आंत प्रतिसाद दिला, तर तें आपल्या हातानेंच घडलें असें वाटतें. एक सेकंद लागला, तर थांबावें लागल्याचें जाणवतें, पण विचाराची सांखळी तुटत नाहीं. दहा सेकंद लागले, तर लक्ष उडून दुसरीकडे जातें. पत्ते खेळणाऱ्याच्या बाबतींत पहिलें प्रमाणच खरें. कारण खऱ्या पानाला हात लावल्यावर तें विचार करीत बसत नाहीं.

मग फोनवरील पान अडतें कां? याचीं कारणें बहुधा तीन असतात. पहिलें कारण चित्रांच्या आकाराचें. समजा, प्रत्येक पानाचें चित्र ५०० बिंदु रुंद व ७०० बिंदु उंच काढलें. साठवतांना तें दाबून लहान केलेलें असतें. पण पडद्यावर दाखविण्यासाठीं उलगडलें, म्हणजे प्रत्येक बिंदूस साधारणपणें ४ बाइट जागा लागते. म्हणजे एका पानास १४ लाख बाइट, आणि ५२ पानांस ७ कोटि २८ लाख! आतां पडद्यावर तें पान दिसतें केवढें? १२५ बिंदु रुंद व १७५ उंच दिसत असेल, तर तेवढेंच चित्र ठेवल्यानें सर्व पानांस मिळून ४५ लाख ५० हजार बाइट पुरतात. लांबी-रुंदी चौथाई केली कीं भार सोळावा हिस्सा होतो, हें सातवींतला मुलगाहि सांगेल. महागड्या फोनला पहिला भार पेलतो. कमी स्मृतीचा स्वस्त फोन त्याखालीं वांकतो. खेळ लिहिणाऱ्याच्या टेबलावर बहुधा महागडा फोन असतो, म्हणून त्याला ही गोष्ट जाणवत नाहीं.

दुसरें कारण अकारण श्रमाचें. बहुतेक साधे पडदे सेकंदाला ६० वेळां चित्र बदलतात. म्हणजे एका चित्राच्या तयारीस जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. एकच पान हललें असतांना सगळी बैठक, सगळीं पानें, सगळ्यांचीं नांवें पुन्हां रंगवीत बसलें, तर तेवढा वेळ पुरत नाहीं व पान अडखळत जातें. घरांतील एक फरशी मळली, तर शहाणी गृहिणी तेवढीच पुसते. शिवाय पुष्कळ खेळांत डावाचा विचार करणें आणि चित्र काढणें हीं दोन्ही कामें एकाच कारकुनाच्या गळ्यांत घातलेलीं असतात. आमच्या अकोल्याच्या कापसाच्या बाजारांत तोल पाहणारा आणि वही लिहिणारा एकच असता, तर गाड्यांची रांग किती लांबली असती, याचा विचार करा. प्रतिपक्षाचें पान ठरविण्याचें गणित एकीकडे चालूं द्यावें आणि बोटाला उत्तर देणारा कारकून नेहमीं मोकळा ठेवावा, हा या कामांतील पहिला धडा आहे.

तिसरें कारण दूरच्या संदेशाचें. चौघे चार गांवीं असले, म्हणजे प्रत्येक पानाची वार्ता मध्यवर्ती यंत्राकडे जाऊन परत यावयाची. वार्ता लहान असते. ‘इस्पिकची सत्ती’ एवढीच. पण वाट खराब असली कीं तिलाहि वेळ लागतो. अशा वेळीं पान खेळणाऱ्याच्या हातून ताबडतोब उचललें जाऊन बैठकीकडे निघालेलें दिसावें आणि पोंच मागाहून यावी, हें उत्तम. पोंच आली नाहीं, तर पान हातांत परत यावें व ‘जोडणी तुटली आहे, डाव राखून ठेवला आहे’ असें सरळ मराठींत लिहून यावें. नुसतें एक चक्र गरगर फिरत ठेवणें म्हणजे पाहुण्याला ओसरीवर बसवून घरांत निघून जाण्यासारखें आहे.

यांत आपल्या वऱ्हाडच्या हवेचाहि हात आहे. मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. फोन फार तापला, म्हणजे त्याचा मेंदु आपल्या रक्षणासाठीं स्वतःच मंद चालूं लागतो. आणि घामेजलेलें बोट लागलें, तर कांचेवरील विद्युत्क्षेत्राचा घोटाळा होऊन स्पर्श भलतीकडे नोंदला जातो. म्हणजे घराबाहेर पडतां येत नाहीं म्हणून ज्या दुपारीं पत्ते खेळावेसे वाटतात, नेमक्या त्याच दुपारीं यंत्र कच खातें. थंड खोलींत बसून, नव्या फोनवर, कोरड्या बोटानें तपासलेला खेळ येथें कसा चालेल, याचा अंदाज तेथें बसून येत नाहीं. म्हणून तो येथें आणून, वैशाखांत तपासला पाहिजे.

आतां डोळ्यांकडे वळूं. आपल्या भाषेनें चष्म्यालाच ‘चाळिशी’ असें नांव दिलें आहे. चाळिशीनंतर जवळचें अंधुक दिसूं लागणें हा अपवाद नसून नियम आहे, हें आपल्या पूर्वजांनीं त्या एका शब्दांत नोंदवून ठेवलें. असें असतां फोनवरील पानांच्या खुणा मुंगीएवढ्या कां असाव्यात? मोठ्या खुणांचा कॅट निवडण्याची सोय पहिल्याच पडद्यावर असावी. सात दारांच्या आंत दडविलेली नसावी. कांहीं माणसांना, विशेषतः पुरुषांना, तांबडा व हिरवा यांतील फरक नीट दिसत नाहीं. म्हणून केवळ वर्णावर भिस्त ठेवूं नये, चिन्हाचा आकारहि ठळक असावा. हातांतील पानें इस्पिक, बदाम, किलवर, चौकट अशीं काळीं-तांबडीं आलटून पालटून लावलीं, म्हणजे एका रंगांतून दुसऱ्यांत नजर घसरत नाहीं. ज्यांना मुळींच दिसत नाहीं, त्यांच्यासाठीं पानाचें नांव फोननें मोठ्यानें उच्चारावें. आणि तें ‘बदाम राणी’ असें मराठींत उच्चारावें. एक्का, दुर्री, तिर्री, पंजी, छक्की हे आपले शब्द इतके नेटके आहेत कीं, त्यांना पर्याय शोधण्याचें कारणच नाहीं.

चुकीच्या बाबतींतहि थोडा विचार हवा. एकट्यानें खेळावयाच्या डावांत ‘मागें घ्या’ अशी सोय खुशाल द्यावी. पण मेंढीकोटांत पान एकदां उघडें पडलें, म्हणजे तें इतरांनीं पाहिलें. तें मागें घेणें अन्यायाचें होईल. म्हणून तेथें चूक होण्यापूर्वींच अडविली पाहिजे. पहिल्या स्पर्शानें पान नुसतें वर उचललें जावें, दुसऱ्या स्पर्शानें खालीं पडावें. ज्यांचा हात सराईत आहे, त्यांना एकाच स्पर्शाची मुभा असावी. उतरलेल्या रंगाचें पान हातांत असतांना दुसरें पान टाकतां येत नाहीं, हा नियम मोडूं गेल्यास खेळानें नुसता कर्कश आवाज करूं नये. ‘तुमच्याकडे किलवर आहे’ एवढें सांगावें. कारण न सांगतां छडी मारणारा मास्तर आणि कारण न सांगतां नकार देणारें यंत्र, या दोघांपासून शिकणारा सारखाच दूर पळतो.

या सर्वाची परीक्षा कशी घ्यावी? त्याची रीत सोपी आहे, पण ती पाळणें अवघड आहे. आपला खेळ कधींहि न पाहिलेल्या चार-पांच माणसांना, त्यांत निदान दोन साठीपुढचीं असावींत, एकेकट्यानें बसवावें. त्यांच्या हातांत त्यांचाच फोन द्यावा. नंतर आपण शेजारीं बसून तोंड बंद ठेवावें. तेथें दाबा, येथें पाहा, असें एक अक्षरहि बोलूं नये. कोठें बोट थांबलें, कोठें दोनदां दाबलें, कोठें कपाळाला आठी पडली, एवढेंच टिपून घ्यावें. लिहिणाऱ्याला हा अर्धा तास फार जड जातो; कारण आपलें लेंकरूं दुसऱ्याला कळत नाहीं, हें त्याला पाहावत नाहीं. पण आजींच्या हातून दश्शी पडली, तेव्हां तो लिहिणारा शेजारीं नव्हता. त्याच्या खेळानें स्वतःच सर्व सांगितलें पाहिजे होतें.

कोणी म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? खरे पत्ते घ्यावे आणि सतरंजीवर बसून खेळावें. समोर चौघे असतील, तर तेंच उत्तम, यांत शंका नाहीं. परंतु आज वऱ्हाडांतील किती घरांत चौघे उरले आहेत? मुलें शिकून पुण्या-मुंबईस, बंगळूरास किंवा परदेशीं जातात. दूरध्वनीवरील बोलणें पांच मिनिटांत संपतें. ‘जेवलीस काय’, ‘औषध घेतलेंस काय’, इतकें झालें कीं दोन्हीकडे शांतता पसरते. पत्त्यांच्या डावांत मात्र बोलण्याला विषय लागत नाहीं. भिडूनें हुकूम कसा केला, मेंढी कशी वाचविली, यांतच तासभर जातो व त्यांतच मनांतलें बोलणें निघतें. तो तास साडेपांच मिलिमीटरच्या पट्टीपायीं बुडावा, ही गोष्ट मला हंसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सोय ही स्वतः सद्गुण नव्हे. सोय कशाची, हें पाहावें लागतें. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९६७ मध्यें दिला. त्याचा आधार घेऊन पुढें पैसे लावून खेळावयाचे पत्ते फोनवर आले. त्यांतील पुष्कळांत पानें झरझर हलत, पैसे भरण्याचें बटण मोठें असे, पण पैसे काढून घेण्याची वाट शोधावी लागे. पैसे लावून खेळावयाच्या अशा ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें संमत केला. कायद्याचा ऊहापोह करण्याचें हें स्थळ नव्हे. मला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, आंत जाण्याची वाट गुळगुळीत आणि बाहेर पडण्याची कांटेरी, अशी मांडणी जेथें दिसेल, तेथें ती चुकून झालेली नसते. चांगल्या खेळांत पान टाकणें जितकें सोपें, तितकेंच खेळ बंद करणेंहि सोपें असतें. आणि मुलांच्या अभ्यासाच्या वेळीं तो स्वतः हांका मारून बोलावीत नाहीं.

शेवटीं दोन विनंत्या करितों. पहिली विनंती, खेळ आणि इतर ॲप लिहिणाऱ्या आपल्याकडील तरुणांस. अकोल्यांत, अमरावतींत अशीं मुलें आतां पुष्कळ आहेत. त्यांनीं आपलें काम सर्वांत जुन्या फोनवर, सर्वांत मंद जोडणीवर, घरांतील सर्वांत वडील माणसाच्या हातीं देऊन पाहावें, आणि मग तें जगापुढें ठेवावें. कोपऱ्यांतील एका खुणेनें आणि एका अक्षराच्या बदलानें पत्त्यांचा खेळ जगभर सोपा झाला. अशा लहान सुधारणा करण्यास मोठ्या कंपनीचें नांव पाठीशीं असावें लागत नाहीं.

दुसरी विनंती घरोघरच्या वडीलधाऱ्या मंडळींस. फोनवर कांहीं जमलें नाहीं, तर प्रथम स्वतःला बोल लावूं नका. पट्टी घ्या, मोजा आणि मुलांना सांगा कीं, ही जागा माझ्या बोटाला अपुरी आहे. तक्रार नेमकी असली, म्हणजे ती सुधारतां येते. आमच्या ओळखीच्या त्या आजींचा फोन नातवानें पुढच्या खेपेस आडवा धरावयास शिकविला व खुणा मोठ्या करून दिल्या. आतां रविवारीं त्यांच्या घरून जो गलका ऐकूं येतो, त्यावरून मेंढ्या कोणीकडे चालल्या आहेत, हें सबंध आळीला कळतें.